लष्करात अधिकारी व्हायचे असेल तर...

लष्कर हा शब्द आपल्या घरांना नवा नाही. कोकणातील, सातारा-पुणे भागातील कितीतरी घरांत पणजोबांचे नाव शिपाई, हवालदार, फार तर सुभेदार म्हणून अजून अभिमानाने सांगितले जाते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील रामजी सुभेदार महूच्या छावणीत नोकरीस होते आणि तेथेच १८९१ साली बाबासाहेबांचा जन्म झाला, हे शाळकरी मुलालाही ठाऊक आहे. त्यानंतरच्या काही वर्षांतच इंग्रज सरकारने महारांची लष्करभरती बंद केली. ती पुन्हा सुरू व्हावी म्हणून सेवानिवृत्त सैनिक गोपाळबाबा वलंगकर यांनी १८९४ साली अर्ज तयार केला. शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० साली थेट विलायतेतील भारतमंत्र्यांकडे अर्ज धाडला. पहिल्या महायुद्धात १९१७ साली १११ वी महार पलटण उभी राहिली, पण गरज संपताच १९२१ साली ती मोडलीही गेली. अखेर १९४१ साली बाबासाहेब व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार समितीवर असताना १ ऑक्टोबर रोजी बेळगाव येथे महार रेजिमेंटची स्थापना झाली.

हा इतिहास येथे सांगण्याचे कारण एकच. ज्या काळी आपल्या पूर्वजांनी हे अर्ज लिहिले, त्या काळी दार बंद होते. शिवाय हिंदी माणूस कितीही पराक्रमी असला तरी त्याची बढती सुभेदार-मेजरपर्यंत येऊन थांबे, त्यावरचा हुद्दा गोऱ्या साहेबाचा. आज ती भिंत उरलेली नाही. बारावीच्या विद्यार्थ्याला थेट अधिकारी होण्याच्या वाटेवर नेणारे दार उघडे आहे. परंतु लष्कर म्हटले की आपल्या मुलांच्या डोळ्यांपुढे भरतीचे मैदान आणि सोळाशे मीटरची धाव एवढेच येते. जवान होण्यात कमीपणा मुळीच नाही. मात्र अधिकारी होण्याचीही वाट आहे, हे माहीत नसल्यामुळे तिकडे वळायचे राहून जावे, ही गोष्ट खेदाची होय. म्हणून प्रस्तुत लेखात राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी, म्हणजे आपण जिला एन.डी.ए. म्हणतो, तेथील प्रवेशाची माहिती क्रमवार देत आहोत.

प्रबोधिनी म्हणजे काय?

पुण्याजवळ खडकवासला येथे ही प्रबोधिनी आहे. पंडित नेहरूंच्या हस्ते ६ ऑक्टोबर १९४९ रोजी तिची कोनशिला बसविण्यात आली आणि १६ जानेवारी १९५५ रोजी तिचे रीतसर उद्घाटन झाले. भूदल, नौदल आणि हवाई दल या तिन्ही दलांचे भावी अधिकारी येथे तीन वर्षे एकत्र शिकतात. 'सेवा परमो धर्म:' हे तिचे ब्रीदवाक्य. तीन वर्षांच्या शेवटी दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठाची पदवी मिळते. त्यानंतर भूदलाचे छात्र डेहराडूनला, नौदलाचे केरळातील एझिमला येथे आणि हवाई दलाचे हैदराबादजवळ डुंडीगल येथे पुढील प्रशिक्षणासाठी जातात. ते पूर्ण झाले की खांद्यावर तारे चढतात. भूदलातील पहिला हुद्दा लेफ्टनंटचा.

अर्ज कोणी करावा?

या प्रवेशासाठी संघ लोकसेवा आयोग दरवर्षी दोन परीक्षा घेतो, एक साधारण एप्रिलमध्ये व दुसरी सप्टेंबरमध्ये. पहिलीची जाहिरात डिसेंबरच्या सुमारास आणि दुसरीची मे महिन्याच्या सुमारास निघते. प्रत्येक वेळी जागा सुमारे चारशे असतात आणि अर्ज लाखांनी येतात.

वयाची अट कडक आहे. अभ्यासक्रम ज्या महिन्यात सुरू होतो, त्या वेळी उमेदवाराचे वय साडेसोळा ते साडेएकोणीस वर्षांच्या दरम्यान असावे लागते. जाहिरातीत जन्मतारखेच्या दोन्ही मर्यादा दिलेल्या असतात. एका दिवसाचा फरक पडला तरी अर्ज बाद होतो. उमेदवार अविवाहित हवा. बारावी उत्तीर्ण झालेले किंवा बारावीला बसलेले विद्यार्थी अर्ज करू शकतात. अकरावीत असताना अर्ज करता येत नाही. वयात बसत असेल तोवर कितीही वेळा परीक्षा देता येते. याचा अर्थ असा की, जो विद्यार्थी बारावीत असतानाच पहिला अर्ज करतो, त्याला साधारणतः तीन-चार संधी मिळतात. जो 'आधी बारावी होऊ दे, मग बघू' म्हणतो, त्याच्या हाती एखाद-दुसरीच उरते.

शाखेविषयी एक महत्त्वाची बाब. भूदलासाठी कोणत्याही शाखेची बारावी चालते. नौदल व हवाई दलासाठी मात्र बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित हे विषय असावे लागतात. पण भूदलासाठी कला शाखा चालते म्हणून कोणी निर्धास्त राहू नये. लेखी परीक्षेत गणिताचा पेपर सर्वांना सारखाच आहे आणि तो अकरावी-बारावीच्या पातळीचा असतो. आम्ही स्वतः कला शाखेचे पदवीधर आहोत, त्या शाखेला कमी लेखण्याचा आमचा हेतू नाही. पण ज्याला या वाटेने जायचे आहे, त्याने दहावीनंतर गणित सोडू नये, हे आम्ही आवर्जून सांगू. 'डॉक्टरकीसाठी जीवशास्त्र घेतले आणि गणित सोडले' असे करणारी मुले नकळत दोन दलांची दारे स्वतःच लावून घेतात.

मुलींनाही आता हे दार खुले आहे. सर्वोच्च न्यायालयाने १८ ऑगस्ट २०२१ रोजी दिलेल्या अंतरिम आदेशामुळे त्या वर्षीच्या १४ नोव्हेंबरच्या परीक्षेस मुली प्रथमच बसल्या. २०२२ साली त्यांची पहिली तुकडी खडकवासल्यास दाखल झाली आणि ३० मे २०२५ रोजी १७ मुली प्रशिक्षण पूर्ण करून बाहेर पडल्या. तेव्हा घरात मुलगी असेल तर हा लेख तिनेही वाचावा.

राखीव जागा आहेत काय?

हा प्रश्न आपल्याकडे हमखास विचारला जातो, म्हणून त्याचे उत्तर स्पष्ट देतो. प्रबोधिनीच्या प्रवेशात जातीनिहाय राखीव जागा नाहीत आणि वयातही सवलत नाही. अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवारांना परीक्षा शुल्क मात्र माफ आहे. मुलींना, तसेच जवान, हवालदार, सुभेदार इत्यादींच्या मुलांनाही नियमानुसार ही माफी आहे. इतरांना शुल्क १०० रुपये आहे. १९९० सालच्या दुरुस्तीनंतर बौद्धांचा समावेश केंद्राच्या अनुसूचित जातींत झालेला आहे. तेव्हा या सवलतीसाठी केंद्र सरकारच्या नमुन्यातील जातीचा दाखला आधीच काढून ठेवावा. राज्याच्या नमुन्यातील दाखला पुढे करून अनेकांची ऐन वेळी धावपळ होते.

राखीव जागा नाहीत म्हणून निराश होण्याचे कारण नाही. येथे वशिलाही चालत नाही. लेखी परीक्षेची उत्तरपत्रिका यंत्र तपासते. पुढच्या निवडीत तीन वेगवेगळे परीक्षक स्वतंत्रपणे मत बनवितात. मुलाचे आडनाव काय, बाप काय करतो, यावर काही ठरत नाही. तयारी किती, यावर ठरते. आणि तयारी ही आपल्या हातातली गोष्ट आहे.

अर्ज भरताना

अर्ज आयोगाच्या संकेतस्थळावरच भरावा लागतो. आधी स्वतःची नोंदणी करावयाची आणि मग त्या परीक्षेचा अर्ज भरावयाचा. अर्ज भरताना पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

पहिली गोष्ट नावाची. बँकेच्या खिडकीवर बसून आम्ही रोज पाहतो की, एकाच माणसाचे नाव शाळेच्या दाखल्यावर एक, आधार कार्डावर दुसरे आणि पासबुकावर तिसरे असते. कोठे आडनाव आधी, कोठे वडिलांचे नाव गाळलेले, कोठे 'सिद्धार्थ'च्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक अक्षर जास्त. बँकेत हे निस्तरायला आठ दिवस मिळतात, परीक्षेच्या अर्जात मिळत नाहीत. नाव व जन्मतारीख दहावीच्या प्रमाणपत्राप्रमाणेच लिहावी. जन्मतारखेसाठी आयोग तेच प्रमाणपत्र मानतो आणि एकदा नोंदलेली तारीख पुढे बदलून देत नाही. म्हणून आधार कार्डातील चूक असेल तर ती नववी-दहावीतच दुरुस्त करून घ्यावी.

दुसरी गोष्ट पसंतीक्रमाची. भूदल, नौदल, हवाई दल आणि एझिमला येथील नौदल अकादमी यांचा क्रम अर्जातच लिहावा लागतो. ज्या दलाची पसंती लिहिली नाही, त्यासाठी विचार होत नाही. आपण पात्र असलेल्या सर्व दलांची पसंती विचारपूर्वक भरावी.

तिसरी गोष्ट केंद्राची. आपल्या राज्यात मुंबई, नागपूर अशी केंद्रे आहेत. जो आधी अर्ज करील त्याला हवे ते केंद्र मिळते. शेवटच्या दिवशी संगणक केंद्रावर रांग लावणाऱ्याला मग दूरचे गाव पदरी पडते. छायाचित्र आणि सही ठरलेल्या मापातच द्यावी आणि भरलेल्या अर्जाची छापील प्रत जपून ठेवावी.

लेखी परीक्षा

लेखी परीक्षा ९०० गुणांची असते. गणिताचा पेपर ३०० गुणांचा, त्यात १२० प्रश्न. सामान्य क्षमता चाचणीचा पेपर ६०० गुणांचा, त्यात १५० प्रश्न. प्रत्येक पेपराला अडीच तास. दुसऱ्या पेपरात इंग्रजीला २०० गुण आणि उरलेले ४०० गुण सामान्य ज्ञानाला आहेत. त्यातील भौतिकशास्त्राला १००, रसायनशास्त्राला ६०, सामान्य विज्ञानाला ४०, इतिहास व स्वातंत्र्यलढ्याला ८०, भूगोलाला ८० आणि चालू घडामोडींना ४० अशी साधारण वाटणी असते. इंग्रजीचा भाग सोडल्यास प्रश्न हिंदी व इंग्रजी अशा दोन्ही भाषांत छापलेले असतात.

चार पर्यायांतून एक निवडावयाचा असतो आणि चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाच्या गुणांचा एक तृतीयांश भाग वजा होतो. म्हणून अंदाजपंचे दाहोदरसे करून चालत नाही. येत नाही तो प्रश्न सोडून पुढे जावे.

गुणांचे आकडे पाहून कोणी घाबरू नये. २०२२ ते २०२४ या वर्षांत लेखी परीक्षेतून पुढे जाण्यासाठी ९०० पैकी साधारण २९० ते ३६० गुण पुरेसे ठरले. म्हणजे जवळपास एक तृतीयांश! अर्थात प्रत्येक विषयात ठरविलेले किमान गुण मिळवावेच लागतात. एकट्या इंग्रजीच्या किंवा एकट्या गणिताच्या जोरावर निभाव लागत नाही. मागील वर्षांच्या प्रश्नपत्रिका आयोगाच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. घड्याळ लावून त्या सोडविणे हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत चांगला क्लास होय.

लेखी निकालात क्रमांक लागला की पेढे वाटण्याआधी एक काम करावे. निकालानंतर दोन आठवड्यांच्या आत भारतीय सेनेच्या भरतीच्या संकेतस्थळावर नोंदणी करावी लागते. तेथूनच मुलाखतीचे केंद्र व तारीख मिळते. ही नोंदणी न केल्यास लेखी परीक्षेतील यश पाण्यात जाते.

सेवा निवड मंडळाचे पाच दिवस

पुढचे ९०० गुण सेवा निवड मंडळाकडे, म्हणजे एस.एस.बी.कडे असतात. भोपाळ, प्रयागराज, बंगळुरू, म्हैसूर, गांधीनगर इत्यादी ठिकाणी ही मंडळे आहेत. पाच दिवस तेथेच राहावे लागते. राहण्या-जेवणाची सोय असते आणि त्या प्रकारच्या प्रवेशासाठी प्रथमच जाणाऱ्याला नियमाप्रमाणे रेल्वेचे जाण्या-येण्याचे भाडेही मिळते. तिकीट मात्र सांभाळून ठेवावे.

पहिल्या दिवशी बुद्धिमत्तेची चाचणी होते आणि एक अंधूक चित्र दाखवून त्यावर गोष्ट लिहावयास व गटात चर्चा करावयास सांगतात. येथून बरीच मुले परत पाठविली जातात. जे राहतात त्यांच्या मानसशास्त्रीय चाचण्या होतात. बारा चित्रांवर गोष्टी लिहावयाच्या, त्यांतील एक चित्र कोरे असते. साठ शब्द एकामागून एक दाखवितात आणि प्रत्येकावर पंधरा सेकंदांत मनात येईल ते वाक्य लिहावयाचे. साठ प्रसंग देतात, त्यांत आपण काय कराल हे अर्ध्या तासात लिहावयाचे. पुढे मैदानावर गटाची कामे असतात. फळ्या, दोर आणि ओंडके यांच्या साहाय्याने गटाने अडथळा पार करावयाचा असतो. थोडक्यात भाषणही द्यावे लागते. स्वतंत्र मुलाखत होते आणि शेवटच्या दिवशी सर्व परीक्षक एकत्र बसून निर्णय देतात.

हे सारे कशासाठी? मुलात पुढाकार आहे का, तो दुसऱ्याचे ऐकून घेतो का, अडचणीत डोके शांत ठेवतो का, जबाबदारी घेतो का, हे पाहण्यासाठी. पाठ केलेली उत्तरे येथे उपयोगी पडत नाहीत. आपल्या मुलांचा न्यूनगंड येथे आड येतो, असा आमचा अनुभव आहे. 'आमचे इंग्रजी चांगले नाही', 'आम्ही चाळीतले', असे म्हणून ती गप्प बसतात. त्यांना आम्ही सांगू इच्छितो की, हिंदीतून बोललेले चालते. आणि ज्या मुलाने सकाळी पेपर टाकून शाळा केली, धाकट्या भावंडांना सांभाळले, वस्तीतील जयंतीच्या कार्यक्रमाची वर्गणी गोळा करून पै-पैचा हिशेब दिला, त्याच्याजवळ सांगण्यासारखे पुष्कळ आहे. परीक्षक नेमके हेच विचारतात. आजवर कोणती जबाबदारी पार पाडलीस? त्याचे खरे उत्तर खऱ्या शब्दांत द्यावे.

अंतिम यादी लेखी आणि मंडळ मिळून १८०० गुणांवर लागते. वर सांगितलेल्या वर्षांत शेवटचा क्रमांक साधारण साडेसहाशे ते सव्वासातशे गुणांवर लागला.

वैद्यकीय तपासणी

मंडळाने शिफारस केल्यावर लष्करी रुग्णालयात तपासणी होते. सर्वसाधारणपणे मुलांची उंची किमान १५७ सेंटिमीटर व मुलींची १५२ सेंटिमीटर लागते. विमान उड्डाणाच्या शाखेसाठी ती अधिक लागते. दृष्टी, रंगांची ओळख, कान, दात, सपाट तळवे, गुडघे, वजन हे सारे पाहिले जाते. दातांची कीड, कानातील मळ, वाढलेले वजन यांसारख्या गोष्टी आधीच दुरुस्त करता येतात. त्यासाठी सरकारी दवाखान्यात एकदा दाखवून घ्यावे. गोंदणाच्या बाबतीतही नियम कडक आहे. कोपरापासून मनगटापर्यंत हाताची आतील बाजू व हाताच्या पंजाची मागील बाजू सोडून इतरत्र कायमचे गोंदण चालत नाही. हौसेने दंडावर किंवा मानेवर काही गोंदवून घेणाऱ्यांनी हे आधीच लक्षात घ्यावे. तपासणीत अपात्र ठरविल्यास ठरावीक मुदतीत अपील करता येते.

खर्च किती?

शैक्षणिक कर्जासाठी बँकेत येणाऱ्या पालकांचे चेहरे आम्ही पाहतो. खाजगी महाविद्यालयाच्या चार वर्षांच्या फीसाठी राहते घर गहाण टाकणारेही त्यांत असतात. प्रबोधिनीत शिक्षण, निवास, भोजन, पुस्तके, गणवेश व औषधोपचार यांचा खर्च सरकार करते. पालकांना फक्त खिसाखर्च व किरकोळ खाजगी खर्च पाहावा लागतो. कमी उत्पन्नाच्या पालकांना त्यासाठीही आर्थिक साहाय्य मागता येते, तो अर्ज जिल्हाधिकाऱ्यांमार्फत करावयाचा असतो. प्रबोधिनीनंतरच्या प्रशिक्षणात विद्यावेतन सुरू होते. सातव्या वेतन आयोगाप्रमाणे ते दरमहा ५६,१०० रुपये ठरले होते. मात्र एक अट नीट वाचून सही करावी. छात्राने स्वतःच्या इच्छेने प्रशिक्षण अर्धवट सोडले तर झालेला खर्च भरण्याची जबाबदारी पालकांवर येऊ शकते. म्हणून मुलाची मर्जी नसताना केवळ आपल्या हौसेखातर त्याला पाठवू नये.

तयारी केव्हा व कोठे?

खरी तयारी शाळेतच सुरू होते. सातारा येथील सैनिक शाळा १९६१ साली सुरू झाली. चंद्रपूरलाही सैनिक शाळा आहे. तेथे सहावीत व नववीत प्रवेश परीक्षेने प्रवेश मिळतो आणि अनुसूचित जातींसाठी १५ टक्के जागा राखीव आहेत. डेहराडूनच्या राष्ट्रीय इंडियन मिलिटरी कॉलेजात आठवीत प्रवेश मिळतो. त्याची परीक्षा आपल्याकडे पुण्याची महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद घेते.

दहावीनंतर सर्वांत उपयुक्त संस्था म्हणजे छत्रपती संभाजीनगर येथील सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था. महाराष्ट्र शासनाने ती १९७७ साली काढली. दहावीच्या वर्षीच तिची जाहिरात पाहून अर्ज करावा. लेखी परीक्षा व मुलाखत घेऊन मुलांची निवड होते आणि अकरावी-बारावीबरोबरच प्रबोधिनीची तयारी करून घेतली जाते. मुलींसाठी नाशिक येथे २०२३ साली तशीच संस्था सुरू झाली. ज्यांना कोठेही प्रवेश मिळाला नाही, त्यांनी घरी राहून रोज एक तास गणित, एक इंग्रजी वर्तमानपत्र आणि सकाळची धाव, एवढे दोन वर्षे नेमाने केले तरी पुष्कळ पल्ला गाठता येईल.

शेवटी दोन शब्द

या परीक्षेत यश आले नाही म्हणून लष्कराचे दार बंद होत नाही. पदवीनंतर संयुक्त संरक्षण सेवा परीक्षा आहे. महाविद्यालयातील एन.सी.सी.च्या 'सी' प्रमाणपत्राची वाट आहे. जवान म्हणून दाखल झालेल्यांसाठी आर्मी कॅडेट कॉलेजही आहे. या प्रत्येक वाटेला वयाची अट आहे, हे मात्र विसरू नये.

पालकांना आमची एवढीच विनंती की, ज्यांचे मूल आठवी ते दहावीत आहे, त्यांनी आज तीन गोष्टी कराव्यात. त्याच्या जन्मतारखेवरून साडेसोळा व साडेएकोणीस वर्षे केव्हा होतात, ते कॅलेंडरवर लिहून ठेवावे. सर्व कागदांवरील नाव एकसारखे आहे की नाही, हे तपासावे. आणि त्याच्याशी गणिताविषयी बोलावे. मंडळाच्या सुशिक्षित कार्यकर्त्यांनी दर डिसेंबर व मे महिन्यांत जाहिरात निघताच ती वाचनालयाच्या फलकावर लावावी आणि पाच-दहा मुलांचे अर्ज समोर बसून भरून घ्यावेत. ज्यांनी अर्ज लिहिले त्या पिढीला उत्तराची वाट पाहत वर्षे काढावी लागली. आजच्या अर्जाला तारीख आहे, परीक्षा आहे आणि निकालही आहे. तो वेळेत भरणे एवढेच आपल्याकडे बाकी आहे.